झळांवर उतारा: हार्मोनवाचूनचे उपचार, तोलूनमापून

बसल्या जागी छातीतून काहीतरी तापत वर चढते, मान आणि चेहरा लाल होतो, काळीज धडधडू लागते, कपाळावर आणि मानेमागे केसांच्या मुळाशी घाम डवरतो आणि दोन-चार मिनिटांत सगळे ओसरून उलट हुडहुडी भरते. पाळी जाण्याच्या सुमारास बहुसंख्य स्त्रियांना हा अनुभव कमीअधिक प्रमाणात येतो. घरात कुणी त्याला वाफा म्हणते, कुणी झळा. डॉक्टरांच्या तोंडी तो हॉट फ्लॅश. यावरचा सर्वांत गुणकारी उपाय कोणता, याविषयी वैद्यकात फारसा वाद नाही. ओसरू लागलेले इस्ट्रोजेन बाहेरून दिले की झळा झपाट्याने कमी होतात. वाद आहे तो पुढचा. ज्यांना इस्ट्रोजेन चालत नाही किंवा नको आहे त्यांनी काय करायचे? या प्रश्नाच्या उत्तरादाखल गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ‘हार्मोनविरहित’ या एका पाटीखाली इतके काही जमा झाले आहे की नैराश्यावरच्या गोळीपासून सोयाबीनच्या भुकटीपर्यंत आणि संमोहनापासून मेंदूतल्या एकाच कुलपात बसणाऱ्या नव्या औषधापर्यंत सगळे एका रांगेत उभे दिसते. ही पाटीच मुळात फसवी आहे. ‘बिनसाखरेचा’ म्हटल्याने पदार्थ पौष्टिक ठरत नाही. तसे ‘हार्मोनविरहित’ म्हटल्याने औषध सौम्यही ठरत नाही आणि कामाचेही ठरत नाही. प्रत्येकाला वेगळे तोलावे लागते, आणि आधी तराजू कसा आहे ते पाहावे लागते.

ही पाटी इतकी लोकप्रिय का झाली, त्याचे मूळ जुलै २००२ मध्ये आहे. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या प्रचंड अभ्यासातला इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन गोळ्यांचा भाग त्या महिन्यात मुदतीआधीच थांबवला गेला. १६,६०८ स्त्रिया त्यात होत्या आणि गोळ्या घेणाऱ्यांत स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले दिसले. ‘सव्वीस टक्के वाढ’ ही बातमी जगभर गेली. दहा हजार स्त्रियांनी वर्षभर गोळ्या घेतल्या तर साधारण आठ जणींना जादा कर्करोग, हा त्याच निष्कर्षाचा दुसरा चेहरा मात्र फारसा कुणापर्यंत पोचला नाही. शिवाय त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. झळांनी बेजार होऊन दवाखाना गाठणारी बाई त्याहून दहा-पंधरा वर्षांनी तरुण असते. अमेरिकेच्या एफडीए या औषधनियंत्रक संस्थेने या औषधांच्या वेष्टनावरचा काळ्या चौकटीतला इशारा काढून टाकण्याचे नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले, म्हणजे भीतीचा हिशेब दुरुस्त व्हायला तेवीस वर्षे लागली. याचा अर्थ सगळीच भीती खोटी होती असा मात्र नाही. स्तनांचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रियांना हार्मोन देऊन पाहणारा स्वीडनमधला ‘हॅबिट्स’ अभ्यास २००३ मध्ये थांबवावा लागला, कारण हार्मोन घेणाऱ्यांत रोग परत उलटण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक निघाले. रक्ताच्या गाठी, पक्षाघात, यकृताचे गंभीर आजार असलेल्यांचीही वाट वेगळीच. तेव्हा हार्मोनवाचूनच्या उपचारांची गरज खरी आहे, पण ती प्रामुख्याने या स्त्रियांची आहे. बाकीच्या अनेकींनी हा रस्ता धरला तो जुन्या बातमीच्या धाकाने.

आता तराजू. झळांवरच्या कोणत्याही औषधाची चाचणी घेताना निम्म्या स्त्रियांना औषध आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, पण आत काहीच नसलेली गोळी देतात. झळा येतील तशा रोज वहीत नोंदवायच्या. हार्मोनच्या चाचण्या एकत्र करून २००४ मध्ये वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने जो आढावा घेतला त्यात ही पोकळ गोळी घेणाऱ्यांच्या झळाही सुमारे ५८ टक्क्यांनी घटलेल्या आढळल्या. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवल्याशिवाय या विषयात एक पाऊलही टाकू नये. हे होते कसे? एक तर झळा सर्वांत जोरात असतात तेव्हाच बाई डॉक्टरांकडे जाते. त्यानंतर काही न करताही त्या थोड्या उतरतातच. दुसरे, कुणीतरी आपली तक्रार ऐकून घेते आहे, आपण काहीतरी उपाय करतो आहोत, याने झळेचा जाच खरोखर कमी वाटतो. आणि काही अंशी काळच औषध होतो. म्हणून ‘मी अमुक घेतले आणि निम्म्या झळा गेल्या’ हे वाक्य शंभर टक्के प्रामाणिक असूनही त्या औषधाबद्दल काहीच सिद्ध करत नाही. औषधाने पोकळ गोळीच्या वर काय केले, एवढाच प्रश्न विचारायचा.

या प्रश्नापुढे स्वयंपाकघर आणि परसदार यांतले बरेच उपाय गळून पडतात. ब्लॅक कोहोश या अमेरिकन मुळीवर १६ चाचण्या आणि दोन हजारांवर स्त्रिया यांचा आढावा २०१२ मध्ये झाला. पोकळ गोळीपेक्षा ती सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. अ‍ॅक्युपंक्चर आणि खोट्या सुयांचे खोटे अ‍ॅक्युपंक्चर यांत फरक दिसेना. सोयाबीनची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. २०२१ मध्ये गाजलेल्या एका अभ्यासात कमी तेलाचा, प्राणिज पदार्थ वर्ज्य केलेला आहार आणि रोज अर्धा कप शिजवलेले सोयाबीन घेणाऱ्यांच्या मध्यम आणि तीव्र झळा ८४ टक्क्यांनी घटल्या. पण त्यात स्त्रिया होत्या ३८, आणि आपण काय खातो आहोत हे प्रत्येकीला पक्के ठाऊक होते. शिवाय सोयातली आयसोफ्लेव्होन शरीरात इस्ट्रोजेनच्याच ग्राहींना जाऊन चिकटतात. तेव्हा त्याला हार्मोनविरहित म्हणणे हा थोडा विनोदच आहे. शतावरी आणि अश्वगंधा यांवर लहान लहान चाचण्या झाल्या आहेत, त्यांतल्या काही उत्साहवर्धकही आहेत. पण पाच-पन्नास जणींच्या आठ आठवड्यांच्या चाचणीवर सात-आठ वर्षे चालणाऱ्या तक्रारीचा इलाज उभा करता येत नाही.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो बिनतोड वाटतो. पोकळ गोळीनेही निम्म्या झळा जात असतील तर शतावरी कल्प घेतल्याने बिघडले कुठे? उपाय खोटा असो, आराम तर खरा. हे म्हणणे मी उडवून लावणार नाही. जिला अधूनमधून एखादी झळ येते आणि दुधातून चमचाभर कल्प घेऊन बरे वाटते, तिला कुणी अडवू नये. पण आराम फुकट मिळत नसतो. अश्वगंधा आणि ब्लॅक कोहोश या दोहोंच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत; त्या थोड्या आहेत, पण आहेत. डबीवर लिहिलेले आणि डबीत भरलेले एकच आहे याची हमी औषधी गोळीइतकी पूरक चूर्णांना नसते. आणि स्तनांच्या कर्करोगातून उठलेल्या बाईला ‘आयुर्वेदिक आहे, काही अपाय नाही’ असे सांगून इस्ट्रोजेनसारखे वागू शकणारे काही देणे हे तर सरळ बेजबाबदारपणाचे आहे.

योगाविषयी जरा थांबून बोलायला हवे, कारण आपल्याकडे तो सल्ला सर्वांत आधी दिला जातो. अमेरिकेतल्या ‘एमएसफ्लॅश’ या संशोधनजाळ्याने २०१४ मध्ये योगासने, व्यायाम आणि ओमेगा-३ या तिन्हींची रीतसर चाचणी घेतली. तिघांपैकी एकानेही झळांची संख्या लक्षणीय कमी केली नाही. योगाने झोप मात्र सुधारली. म्हणजे योग निरुपयोगी ठरला असे नव्हे. ज्या कामासाठी त्याची शिफारस होते ते काम तो करत नाही, दुसरे करतो. सुती कपडे, पंखा, तिखट-चहा कमी करणे, लांब श्वास घेणे यांचेही तसेच. नॉर्थ अमेरिकन मेनोपॉज सोसायटीने २०२३ मध्ये हार्मोनविरहित उपचारांवर जे मतपत्र काढले त्यात या सगळ्यांना झळांवरचा उपचार म्हणून शिफारस नाकारली आहे. पंखा लावू नका असा त्याचा अर्थ नाही. पंखा लावा, पण उपचार केला असे समजू नका.

तराजूवर खरे वजन दाखवणारी पहिली औषधे आली ती अनपेक्षित दिशेने. कर्करोगाच्या रुग्णांना नैराश्यावरच्या गोळ्या दिल्या असता त्यांच्या झळाही कमी होतात असे डॉक्टरांच्या ध्यानात आले. मेयो क्लिनिकच्या चार्ल्स लोप्रिन्झी यांनी २००० मध्ये व्हेन्लाफॅक्सिनची चाचणी प्रसिद्ध केली. चार आठवड्यांनंतर पोकळ गोळीने २७ टक्के घट, ३७.५ मिलिग्रॅमने ३७ टक्के, ७५ ने ६१ टक्के. १५० दिले तरी ६१ च. मात्रा वाढवून फायदा कुठे थांबतो हे इतके स्वच्छ दाखवणारे कोष्टक क्वचित पाहायला मिळते. पुढे २०१४ मध्ये त्याच व्हेन्लाफॅक्सिनला कमी मात्रेच्या इस्ट्रोजेनशेजारी उभे केले गेले. इस्ट्रोजेनने झळा ५३ टक्क्यांनी घटल्या, व्हेन्लाफॅक्सिनने ४८ आणि पोकळ गोळीने २९. नैराश्यावरच्याच एस्सिटालोप्रामचा निकालही याच पट्टीतला: ४७ विरुद्ध ३३ टक्के. दिवसाच्या हिशेबात हा फरक साधारण दीड झळेचा. फरक असा लहान, म्हणूनच २०१३ मध्ये नैराश्यावरचेच, पण कमी मात्रेचे पॅरॉक्सेटिन एफडीएपुढे आले तेव्हा सल्लागार समितीने दहा विरुद्ध चार मतांनी ते नाकारले. एफडीएने मात्र समितीचे न ऐकता चार महिन्यांच्या आत परवानगी दिली. झळांसाठी खास मान्यता मिळालेले ते पहिले हार्मोनविरहित औषध. समितीचे म्हणणे होते की दिवसाला एक-दीड झळ हा काही फायदा नव्हे. मला ते पुरुषी गणित वाटते. ती एक झळ रात्री अडीचची असेल, तर ती गेल्याने मिळालेली झोप कोष्टकात मावत नाही.

या गोळ्यांवरचा आपल्याकडचा खरा आक्षेप आकड्यांचा नाहीच. ‘मला काय वेड लागलंय का?’ हा तो आक्षेप आहे. दवाखान्यातून आणलेल्या गोळीचे नाव मुलगा मोबाइलवर शोधतो, ‘नैराश्य’ हा शब्द वाचतो, आणि त्या संध्याकाळीच पाकीट कपाटाच्या तळाशी जाते. त्यामागची चीडही समजण्यासारखी आहे; बाईच्या शरीराची तक्रार मनावर ढकलण्याची वैद्यकाची सवय जुनी आहे. पण इथे तसे घडत नाही. शरीराचे तापमान सांभाळणाऱ्या मेंदूतल्या केंद्रात सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही रसायने काम करतात आणि ही औषधे त्यांच्यावरच चालतात. नैराश्य उतरायला महिना-दीड महिना लागतो, झळा मात्र एक-दोन आठवड्यांतच कमी होऊ लागतात, तेही नैराश्याच्या मात्रेहून कमी मात्रेत. रक्त पातळ करण्यासाठी अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्याला कुणी डोकेदुखीचा रोगी म्हणत नाही. मळमळ, तोंड कोरडे पडणे, काहींना कामेच्छा कमी होणे हे तोटे खरे आहेत, आणि व्हेन्लाफॅक्सिन अचानक बंद केले तर गरगरते. एक सूचना मात्र ठळक अक्षरांत हवी. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईला पॅरॉक्सेटिन देऊ नये, कारण टॅमॉक्सिफेनला कार्यक्षम बनवणारे यकृतातले विकर ते अडवते. झळा थांबवण्याच्या नादात कर्करोगावरचे औषधच बोथट व्हायचे.

इतर जुन्या औषधांचे थोडक्यात. गॅबापेन्टिन हे मूळचे फिट्सवरचे औषध. २००३ च्या चाचणीत ९०० मिलिग्रॅमने ४५ टक्के घट, पोकळ गोळीने २९. त्याने गुंगी येते, म्हणूनच रात्रीच्या घामाने झोपमोड होणाऱ्या बाईला ते निजताना दिले की दोष गुण होतो. लघवीच्या तक्रारीवरचे ऑक्सिब्युटिनिन झळांवर चांगलेच चालते, पण त्या वर्गातली औषधे दीर्घकाळ घेतल्यास उतारवयात स्मरणशक्तीवर परिणाम होण्याची धास्ती आहे. रक्तदाबावरचे क्लोनिडिन आता बाद.

गोळीवाचूनच्या उपायांत दोनच टिकले. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या मायरा हंटर यांनी विचार-वर्तन उपचारपद्धती झळांसाठी घडवली. तिने झळांची संख्या फारशी घटत नाही, जाच घटतो; ‘सगळे माझ्याकडेच पाहताहेत’ या विचाराची पकड सुटते आणि झोप परत येते. दुसरा उपाय संमोहनाचा. टेक्ससमधल्या बेलर विद्यापीठात गॅरी एल्किन्स यांनी १८७ स्त्रियांवर चाचणी घेतली, पाच आठवडे, आठवड्याला एक बैठक. बारा आठवड्यांनी झळा ७४ टक्क्यांनी घटल्या होत्या, तुलनेसाठी नुसत्या गप्पा आणि लक्ष मिळालेल्या गटात १७. पण आपल्याला संमोहित केले जात आहे की नाही हे कुणापासून लपवणार? इथे पोकळ गोळी बनवताच येत नाही. म्हणून हा आकडा मी जरा हात राखूनच वाचतो. दोन्ही उपायांची खरी अडचण शिकवणाऱ्या माणसांची. मराठीत ही पद्धत शिकवणारा प्रशिक्षित समुपदेशक तालुक्याच्या गावी मिळणे आज तरी दुर्मिळ.

सर्वांत रंजक प्रकरण नव्या औषधांचे आहे, आणि ते शवागारात सुरू होते. अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या नाओमी रान्स यांनी १९९० च्या सुमारास मरणोत्तर तपासलेल्या मेंदूंत एक गोष्ट पाहिली. हायपोथॅलॅमसच्या एका लहानशा भागातल्या ठरावीक चेतापेशी पाळी गेलेल्या स्त्रियांत चक्क फुगलेल्या होत्या. इस्ट्रोजेन या पेशींना आवर घालत असते. तो आवर सुटला की त्या मोठ्या होतात आणि न्यूरोकायनिन बी नावाचे रसायन जास्त सोडू लागतात. शेजारीच तापमानाचे नियंत्रण आहे. तिकडे दुसऱ्या बाजूने डेट्रॉइटचे रॉबर्ट फ्रीडमन दाखवत होते की झळा येणाऱ्या स्त्रियांत ‘ना घाम, ना थरथर’ असा तापमानाचा सुखाचा पट्टा जवळपास नाहीसा होतो; अंग अंशाच्या काही दशांशांनी तापले की शरीर आग लागल्यासारखे घाम सोडते. २०१५ मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात निरोगी स्त्रियांना न्यूरोकायनिन बी शिरेतून दिले गेले आणि त्यांना हुबेहूब झळा आल्या. कुलूप सापडले होते. आता ते रसायन जिथे बसते ती जागा अडवायची.

ती अडवणारे पहिले औषध, फेझोलिनेटँट, मे २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. दिवसाला सरासरी दहा-अकरा मध्यम ते तीव्र झळा येणाऱ्या स्त्रियांत बारा आठवड्यांनी पोकळ गोळीवाल्या सुमारे सातावर आल्या, औषधवाल्या चारावर. म्हणजे पोकळ गोळीच्या वर रोजच्या अडीच झळांचा फायदा. नैराश्यावरच्या गोळ्यांपेक्षा सरस दिसणारा, जरी दोघांची समोरासमोर कुस्ती लावून हे ठरवलेले नाही. किंमत, बाजारात आले तेव्हा, महिन्याला सुमारे ५५० डॉलर. आणि मग यकृत. या वर्गातल्या आधीच्या एका रेणूचे काम यकृतावरच्या परिणामानेच अडले होते. डिसेंबर २०२४ मध्ये फेझोलिनेटँटच्या वेष्टनावरही यकृताच्या दुर्मिळ पण गंभीर इजेबद्दल काळ्या चौकटीतला इशारा आला. औषध सुरू करण्याआधी, मग तीन महिने दरमहा, आणि पुढे सहाव्या व नवव्या महिन्यात रक्त तपासायचे. वर्षभरात हार्मोनच्या वेष्टनावरची चौकट पुसायचे ठरले, आणि हार्मोनविरहित औषधावरची चौकट तशीच राहिली! ‘मुळावर घाव घालणारे औषध, म्हणून सर्वांत चांगले’ हा युक्तिवाद त्यामुळे पुरेसा नाही. मुळावर घाव घालणाऱ्या कुऱ्हाडीलाही दांडा असतो, आणि तो कुठे लागेल ते पाहावे लागते. पूर्व आशियातल्या स्त्रियांवर ३० मिलिग्रॅमची चाचणी झाली तेव्हा हेच औषध पोकळ गोळीहून स्पष्टपणे सरस ठरले नाही, हेही आपल्या खंडातल्या वाचकांनी लक्षात ठेवावे. दुसरे औषध, एलिन्झनेटँट, दोन ग्राही अडवते आणि २०२५ मध्ये आधी ब्रिटनमध्ये, मग ऑक्टोबरात अमेरिकेत मान्य झाले. त्याचे महत्त्व वेगळे आहे. स्तनांच्या कर्करोगासाठी हार्मोनरोधक औषधे घेणाऱ्या ४७४ स्त्रियांवर त्याची खास चाचणी झाली आणि चार आठवड्यांतच पोकळ गोळीच्या वर दिवसाच्या साडेतीन झळा कमी झाल्या. ज्यांना हार्मोन खरोखर वर्ज्य आहे त्यांच्यासाठीच केलेले हे काम आहे. दिवसा झोप येणे हा त्याचा मुख्य तोटा.

मग ‘निसर्गक्रमच आहे, सोसावे’ म्हणणाऱ्यांचे काय? बऱ्याच जणींच्या बाबतीत ते बरोबरही आहे. झळा हा रोग नव्हे आणि प्रत्येकीला औषध लागत नाही. पण अमेरिकेतल्या ‘स्वॉन’ या दीर्घ अभ्यासात वारंवार येणाऱ्या झळांचा मध्यक काळ ७.४ वर्षे निघाला. सात वर्षे अर्धवट झोपेत काढा, हा सल्ला आपण दुसऱ्या कुठल्या तक्रारीला देत नाही.

आणि निसर्गक्रम नसतो तिथे काय? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये सर्रास काढली जात असल्याचे २०१९ मध्ये गाजले. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची ‘पिशवी काढलेली’ आढळली. पाळीच्या दिवसांत खाडा पडला की पैसे कापले जातात, आणि पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल अशी भीती घातली जाते, ही त्यामागची कारणे तेव्हा पुढे आली. पिशवीबरोबर अंडाशयेही काढली तर तिशी-पस्तिशीतली बाई एका रात्रीत पाळी गेलेली होते, आणि अंडाशये ठेवली तरी पाळी जाण्याचे वय अलीकडे येऊ शकते. भारतात ते मुळातच ४६-४७ च्या आसपास आहे, पाश्चात्त्य देशांत ५१. अशा तरुण बाईला झळांसाठी ‘हार्मोनविरहित’ काहीतरी देणे ही सावधगिरी नव्हे, चूक आहे. अडचण नुसत्या झळांची नसते; हाडे ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो, आणि वर सांगितलेल्या औषधांपैकी एकही हाडे सांभाळत नाही. मनाई करणारे दुसरे कारण नसेल तर नैसर्गिक वयापर्यंत तिला इस्ट्रोजेन देणे हाच सर्वमान्य सल्ला आहे. गर्भाशय नसल्याने प्रोजेस्टिनही लागत नाही, आणि २००२ चा धसका ज्या कर्करोगाचा होता तो नुसत्या इस्ट्रोजेनच्या गटात वाढलेला दिसलाच नाही. ‘हार्मोन नकोच’ या सरसकट भीतीची सर्वांत मोठी किंमत अशा स्त्रिया मोजतात.

माझा कौल असा. हार्मोन चालत असतील आणि झळा जाच करत असतील तर ते आधी विचारात घ्यावेत. चालत नसतील तर व्हेन्लाफॅक्सिन किंवा एस्सिटालोप्राम, त्रास रात्रीचाच असेल तर गॅबापेन्टिन. ही औषधे जुनी आहेत, स्वस्त आहेत आणि त्यांचे अवगुण ठाऊक आहेत. त्यांनी भागले नाही तर, यकृत तपासून आणि खिसा पाहून, नवी. यांपैकी काहीही डॉक्टरांशी बोलून सुरू करण्याआधी एक करा. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत दोन आठवडे रोज झळेमागे एक रेघ ओढा, रात्रीच्या झळांची वेगळी. औषध सुरू झाल्यावर चार आठवडे तेच करा, आणि ते कॅलेंडर खिळ्यावरून काढून सोबत घेऊन जा.